न विझणारा लाल दिवा

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शेतकऱ्याला पाण्याची वाट पाहणे आणि पाण्याची वाट शोधणे या दोन्ही गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहेत. धरणात पुरेसा साठा असल्यास मेट्टूरहून दरवर्षी १२ जूनला पाणी सोडण्याचा प्रघात आहे. ते पाणी कल्लणै येथील प्राचीन बंधाऱ्यापाशी येते. तेथून कावेरी, वेण्णार आणि कल्लणै कालवा यांच्या वाटे ते तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम या भागांतील शेतांकडे वळते. अखेरच्या टोकाच्या शेतात पाणी पोहोचले नाही, तर अनुभवी शेतकरी पहिल्याच दिवशी मेट्टूरच्या धरणाला दोष देत नाही. तो प्रथम आपल्या बांधाचे तोंड पाहतो, मग गावचा पाट, मग फाट्यावरचे दार आणि सर्वांत शेवटी मुख्य कालवा. जवळचे व बिनखर्चाचे आधी, दूरचे व खर्चाचे नंतर, हा त्याचा साधा नियम असतो.

मोटारगाडीच्या बाबतीत मात्र हाच नियम आपल्याकडे सर्रास विसरला जातो. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर कूलंटचा लाल दिवा लागला की एकतर त्याकडे दुर्लक्ष होते, नाहीतर भीतीपोटी एकामागून एक सुटे भाग बदलले जातात. पैसा खर्च होतो आणि दिवा तसाच राहतो. या दिव्याचा अर्थ कसा लावावा, त्याचे कारण कोणत्या क्रमाने शोधावे आणि त्रिभुज प्रदेशातील हवा, पाणी व रस्ते यांचा त्याच्याशी काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक नेहमीचे उदाहरण

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरला मराठी राज्याची स्थापना केली. ते राज्य १८५५ मध्ये संपुष्टात आले. परंतु त्या काळात तेथे गेलेली मराठी कुटुंबे तेथेच रुजली. तंजावर, कुंभकोणम आणि आसपासच्या गावांत आजही घरात तंजावरी मराठी आणि बाहेर तमिळ बोलणारी घराणी आहेत. उदाहरणादाखल पापनाशमजवळच्या एखाद्या गावातील असेच एक काल्पनिक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला आठवड्यातून दोनदा तंजावरच्या रुग्णालयात न्यावे लागते. दारात चौदा वर्षांची, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली गाडी आहे. रुग्णालयाची वेळ बसच्या वेळेशी जुळत नाही, म्हणून ही गाडी त्या कुटुंबाच्या दृष्टीने चैन नसून गरज आहे.

एके दिवशी वाटेत लाल दिवा लागतो. टाकीत पाणी घातल्यावर तो विझतो आणि चार दिवसांनी पुन्हा लागतो. एका गॅरेजमध्ये सेन्सर बदलला जातो. दुसरीकडे ‘आपल्या उष्ण हवेत थर्मोस्टॅटची गरजच नाही’ असे सांगून तो काढून टाकला जातो. तिसऱ्या ठिकाणी इंजिन उघडण्याचा सल्ला मिळतो आणि त्यासाठी कर्ज काढावे काय, याची चर्चा घरात सुरू होते. दिवा कायमच असतो. वास्तविक कारण किती लहान असू शकते, हे लेखाच्या शेवटी दिसून येईल.

शीतन यंत्रणेचे कार्य

इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेपैकी साधारण एक-तृतीयांश भाग उष्णतेच्या रूपाने कूलंटमध्ये जातो. पंप हे द्रव इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो व द्रव आतल्या आत फिरते, त्यामुळे इंजिन लवकर तापते. तापमान साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पोहोचले की थर्मोस्टॅट उघडतो आणि द्रव रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून वाहू लागते. तेथे समोरून येणारा वारा व पंखा त्याची उष्णता काढून घेतात. कल्लणैच्या दारांनी जे काम नदीसाठी करावे, तेच काम थर्मोस्टॅट इंजिनासाठी करतो. पाणी केव्हा व कोठे सोडायचे, हे तो ठरवतो.

या यंत्रणेतील सर्वांत उपेक्षित भाग म्हणजे झाकण. ते केवळ बूच नसून दाब राखणारी झडप आहे. बहुतेक गाड्यांत ते सुमारे एक बार इतका जादा दाब आत ठेवते. त्या दाबाखाली साधे पाणीदेखील सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली, की दाब राहत नाही, द्रव लवकर उकळते आणि बाहेर फेकले जाते. अल्प किमतीच्या झाकणामुळे महागडे इंजिन धोक्यात येते ते असे.

दिवा नेमके काय सांगतो?

कूलंटचा इशारा सर्वच गाड्यांत एकसारखा नसतो. काही गाड्यांतील दिवा द्रवाची पातळी घटल्याचे सांगतो, तर काहींतील दिवा तापमान वाढल्याचे सांगतो. काही गाड्यांत एकच दिवा दोन्ही कामे करतो. गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेत याचा खुलासा असतो. निदानाची सुरुवात ते पान वाचण्यापासून व्हावी.

पातळी मोजणारे सेन्सर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात टाकीत एक तरंगता गोळा असतो व त्यातील चुंबक खाली आला की विजेचा संपर्क जुळतो किंवा तुटतो. गाळामुळे गोळा अडकला किंवा त्यात पाणी शिरून तो बुडाला, तर टाकी भरलेली असूनही दिवा लागतो. दुसऱ्या प्रकारात टाकीत धातूच्या दोन काड्या असतात आणि त्यांच्यामधील द्रवातून वीज वाहते की नाही यावरून पातळी ओळखली जाते. काड्यांवर क्षारांचा थर बसला, तर वीज वाहत नाही. विशेष म्हणजे टाकीत केवळ शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी असेल, तरीही वीज पुरेशी वाहत नाही आणि दिवा लागू शकतो. योग्य प्रमाणात कूलंट मिसळणे हाच त्यावरचा उपाय होय.

तापमानाचा सेन्सर उष्णता वाढली की आपला विद्युत रोध कमी करतो. अनेक गाड्यांत तो २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, तर ८० अंशांना सुमारे तीनशे ओहम असतो. साध्या मल्टिमीटरने हे तपासता येते. मात्र एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. हा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. द्रव इतके कमी झाले की सेन्सर कोरडा पडला, तर इंजिन भाजत असतानाही काटा मध्यभागी किंवा त्याखाली राहू शकतो. ‘काटा तर ठीक आहे, दिवा उगाच लागतो’ हे अनुमान म्हणूनच घातक ठरते.

रस्त्यावर दिवा लागल्यास

लाल दिव्यासोबत काटा वर चढत असेल किंवा वाफ दिसत असेल, तर वातानुकूलन बंद करावे. गाडीत हीटर असल्यास तो पूर्ण वेगाने सुरू करावा, कारण तोही एक लहान रेडिएटरच आहे. सुरक्षित जागा पाहून गाडी उभी करावी आणि इंजिन बंद करावे. ‘आणखी चार किलोमीटरवर गाव आहे’ हा विचार मोहात पाडतो. परंतु अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकण्यास तेवढे अंतर पुरेसे असते.

गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आतील द्रव दाबाखाली असते. झाकण सैल होताच दाब उतरतो, त्या द्रवाची क्षणात वाफ होते आणि हात व चेहरा गंभीररीत्या भाजतो. निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. वरचा रबरी पाइप हाताला सहज सोसवेल इतका निवला की जाड कापड धरून झाकण सावकाश फिरवावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये, त्याने धातूला तडा जाऊ शकतो. अडचणीच्या प्रसंगी कोणतेही स्वच्छ पाणी चालेल. मात्र घरी पोहोचल्यावर ते काढून योग्य मिश्रण भरावे.

केव्हा लागतो, हे टिपून ठेवावे

तंजावरचे दुसरे सरफोजीराजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) विद्याव्यासंगी म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांच्या धन्वंतरी महालात रोग व औषधे यांचा अभ्यास चाले. नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रे व उपचारांची टिपणे यांचे त्या काळातील कागद सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेले आहेत. उपचारापूर्वी लक्षण नोंदवून ठेवावे, ही शिस्त त्यामागे दिसते. गाडीच्या निदानालाही तीच शिस्त लागते. एका लहान वहीत तारीख, अंतर, हवा, दिवा लागण्याची वेळ व घातलेल्या द्रवाचे माप लिहावे. आठवडाभराच्या नोंदींतून पुष्कळ काही उलगडते.

१. चावी फिरवताच काही क्षण दिवा लागून विझत असेल, तर ती त्याची स्वतःची चाचणी असते. त्यात दोष नाही.
२. थंड गाडीत सुरुवातीपासून दिवा लागून राहत असेल आणि पातळी पूर्ण असेल, तर सेन्सर, त्याची जोडणी किंवा वायर यांवर संशय घ्यावा.
३. वळणावर, चढावर किंवा ब्रेक लावताना दिवा लुकलुकत असेल, तर पातळी किमान रेषेच्या जवळ आहे. द्रव हिंदकळते तेव्हा सेन्सर उघडा पडतो.
४. रहदारीत अथवा रेल्वे फाटकापाशी थांबल्यावर तापमान वाढून वेगात गेल्यावर उतरत असेल, तर पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले तपासावा.
५. वेगात धावताना तापमान वाढत असेल, तर रेडिएटर तुंबलेला, पंप कमजोर किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा असण्याचा संभव अधिक.
६. पाणी घातल्यावर दिवा विझून ठरावीक दिवसांनी परत लागत असेल, तर द्रव कोठेतरी जात आहे. गॅरेजच्या भाषेत ‘गाडी पाणी खाते’.

त्रिभुज प्रदेशाच्या खास अडचणी

येथील प्रत्येक ऋतू गाडीच्या शीतन यंत्रणेची वेगळी परीक्षा घेतो. एप्रिल-मे महिन्यांत तंजावर परिसरात पारा ३८ ते ४० अंशांपर्यंत जातो व हवेत दमटपणाही असतो. अशा वेळी रेडिएटरला काम अधिक पडते आणि हिवाळ्यात लपून राहिलेला दोष उघड होतो.

सांबा भाताची कापणी पोंगलच्या सुमारास सुरू होते. गावोगाव धान्य डांबरी रस्त्यांवर वाळत घातले जाते, पेंढाही पसरलेला असतो. त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीत तूस, पेंढ्याचे तुकडे आणि किडे अडकतात. वातानुकूलनाचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्या फटीत बसलेला हा थर बाहेरून दिसत नाही. कमी दाबाच्या पाण्याने, शक्य तेथे इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने धुतल्यास तो निघतो. जोराच्या फवाऱ्याने पातळ पापुद्रे मुडपतात व वाऱ्याची वाट उलट अधिक बंद होते.

भातशेतीच्या प्रदेशात उंदीर असणारच. रात्री बंद गाडीचे उबदार बॉनेट त्यांना सोयीचे वाटते. सेन्सरची कुरतडलेली बारीक वायर हे दिव्याचे कारण असल्याची शंका फारच थोड्यांना येते. सेन्सर बदलण्यापूर्वी त्याच्याकडे जाणारी वायर टोकापासून टोकापर्यंत पाहावी.

किनाऱ्याकडील नागपट्टिनम व वेदारण्यम भागांत समस्या मिठाची आहे. खारा वारा विजेच्या जोडण्यांवर हिरवट बुरशीसारखा गंज चढवतो. पुराच्या किंवा समुद्राच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत हा गंज आतून वाढत जातो. नोव्हेंबर २०१८ मध्ये वेदारण्यमजवळ धडकलेल्या ‘गज’ चक्रीवादळासारख्या आपत्तीनंतर या भागातील जुनी गाडी विकत घेताना जोडण्या उघडून पाहणे अगत्याचे ठरते.

मात्र सर्वांत मोठा प्रश्न टाकीत घालावयाच्या पाण्याचा आहे. कूपनलिकेच्या कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर धातूवर थराच्या रूपाने बसतात. घरातील पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून चढणारे पांढरे पुट तेच. धातूपेक्षा हा थर उष्णता फार कमी वाहून नेतो. किनाऱ्याजवळच्या भूजलात समुद्राचा खारटपणा मिसळतो आणि त्यातील क्लोराइडमुळे अ‍ॅल्युमिनियमच्या रेडिएटरला बारीक छिद्रे पडतात. पाणी उकळून घेतल्याने कठीणपणा काही अंशी कमी होतो, पण मीठ जात नाही. म्हणून बॅटरीसाठी मिळणारे ऊर्ध्वपातित किंवा क्षारविरहित पाणी आणि उत्पादकाने सांगितलेल्या जातीचे कूलंट यांचे साधारण निम्मे-निम्मे मिश्रण वापरावे.

‘येथे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?’ असे विचारले जाते. गोठण्यापासून संरक्षण हे कूलंटचे एकच काम नव्हे. ते उत्कलनबिंदू वाढवते, गंज रोखते व पंपाच्या सीलचे आयुष्य वाढवते. उष्ण प्रदेशात हीच कामे महत्त्वाची आहेत. रंग पाहून कूलंट निवडू नये, कारण रंगाला सर्वमान्य नियम नाही. भिन्न जातींचे मिश्रण केल्यास काही वेळा गाळ तयार होतो. कूलंटमधील ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. सांडलेले द्रव लहान मुले, गुरे व कुत्री यांच्या तोंडी लागू देऊ नये आणि जुने द्रव पाटात अथवा तळ्यात टाकू नये.

शोधाचा क्रम

आता शेतकऱ्याच्या नियमाने, जवळून दूर आणि स्वस्ताकडून महागाकडे जावे.

पहिली पायरी पातळीची. गाडी सपाट जागी, रात्रभर थंड झाल्यावर पाहावी. टाकीवर पातळीच्या रेषेशी चिकटपट्टी लावून तारीख लिहावी. द्रव खरोखर कमी होते की नाही, याचा निकाल याच पट्टीने लागतो. पातळी हलत नसेल आणि तापमानही योग्य असेल, तर दोष इशारा देणाऱ्या साधनात शोधावा; पातळी उतरत असेल, तर पाण्याच्या वाटेत.

दुसरी पायरी बाहेरच्या गळतीची. रात्री गाडीखाली जाड पुठ्ठा पसरावा. रंगीत, बोटांना बुळबुळीत लागणारा डाग कूलंटचा असतो. वातानुकूलन वापरल्यानंतर पडणारे स्वच्छ पाणी हवेतील बाष्पाचे असते, त्याची चिंता करू नये. पाइपांची टोके व पट्टे, रेडिएटरच्या बाजूचे सांधे आणि पंपाच्या पोटाखालचे बारीक छिद्र नीट पाहावे. पंपाचे आतील सील झिजले की त्या छिद्रातून द्रव झिरपते. गरम इंजिनावर ते लगेच वाळते आणि फक्त पांढरट वा रंगीत खपली मागे राहते. गाडीत गोडसर वास येणे, पायाखालची चटई ओली होणे किंवा काचेवर तेलकट धुके जमणे ही हीटरच्या गळतीची लक्षणे होत. काहीच न आढळल्यास गॅरेजमधील हातपंपाने यंत्रणेत झाकणावर लिहिलेल्या मूल्याइतका दाब भरून दहा-पंधरा मिनिटे तो टिकतो का, हे पाहावे. झाकणाचीही याच साधनाने चाचणी होते.

तिसरी पायरी सेन्सर व विजेची. जोडणी काढून स्वच्छ करावी, वायर तपासावी, काड्यांवरील क्षार मऊ ब्रशने काढावेत. एवढ्याने दिवा विझत नसेल, तरच सेन्सरची मापे घ्यावीत.

चौथी पायरी पंखा व थर्मोस्टॅटची. बहुतेक गाड्यांत वातानुकूलन सुरू करताच पंखा फिरू लागतो. तो फिरत नसेल, तर फ्यूज, रिले आणि मोटर या क्रमाने तपास करावा. थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात टांगून तापवावा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडला पाहिजे. तो कायमचा काढून टाकणे हा उपाय नव्हे. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही व इंधन अधिक लागते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच आतली वळणवाट बंद करीत असतो. तो नसल्यास बरेचसे द्रव रेडिएटरला वगळून फिरत राहते आणि गाडी अधिकच तापते. दारे काढून टाकलेला बंधारा शेताला पाणी देईलच असे नाही, त्यातलाच हा प्रकार.

पाचवी पायरी रेडिएटर व अडकलेल्या हवेची. तापलेल्या रेडिएटरचा एखादा भाग थंडच राहत असेल, तर तेथील नळ्या बंद आहेत. द्रव बदलल्यानंतर आत हवेचा बुडबुडा राहिल्यानेही दिवा लागतो. हीटर सुरू ठेवून, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून ती काढावी लागते.

सहावी व अखेरची पायरी हेड गॅसकेटची. थंड इंजिन सुरू करताच पाइप लगेच ताठ होणे, टाकीत सतत बुडबुडे येणे, धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर निघणे आणि बाहेर कोठेही गळती नसताना द्रव घटणे ही त्याची चिन्हे आहेत. तेलाच्या झाकणाखाली साय दिसते. परंतु केवळ लहान फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही बाष्पामुळे ती दिसू शकते, म्हणून तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. इंजिन उघडण्यापूर्वी एक साधी रासायनिक चाचणी करता येते. टाकीतील हवा निळ्या द्रवातून ओढली असता त्याचा रंग पिवळट झाला, तर ज्वलनवायू कूलंटमध्ये शिरत आहेत, हे सिद्ध होते. या चाचणीशिवाय हेड उघडण्यास संमती देऊ नये.

आर्थिक बाजू

झाकण, पाइप, पट्टा, फ्यूज यांचा खर्च घरखर्चातून भागतो. वाकलेले हेड किंवा जाम झालेले इंजिन मात्र जुन्या गाडीच्या बाजारमूल्याचा मोठा हिस्सा गिळंकृत करते. अशा वेळी विम्यावर भिस्त ठेवता येत नाही. खासगी वाहनाच्या सर्वसाधारण विमापत्रात झीज, यांत्रिक वा विद्युत बिघाड व परिणामी नुकसान वगळलेले असते. इंजिनासाठी जादा संरक्षण घेतले असल्यास त्याच्या अटी बारकाईने वाचाव्यात. इशारा दिसत असूनही गाडी चालवत राहिल्यास दाव्याच्या वेळी अडचण येऊ शकते.

खासगी गाडीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी असते. पुढे गाडीची योग्यता तपासून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. बारा-चौदा वर्षांच्या गाडीवर मोठी रक्कम खर्च करण्यापूर्वी हा हिशेब मांडावा. दरमहा थोडी रक्कम आवर्ती ठेवीत बाजूला टाकल्यास दुरुस्तीसाठी कर्ज काढण्याची वेळ सहसा येत नाही.

जुनी गाडी कर्जाने घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकांनी, तसेच अशा कर्जाची छाननी करणाऱ्या कर्मचाऱ्यांनीही काही गोष्टी पाहाव्यात. गाडी थंड असताना झाकण उघडून द्रवाचा रंग बघावा. गंजकट पाणी हे वर्षानुवर्षांच्या हेळसांडीचे लक्षण आहे. चावी फिरवताच इशाऱ्याचे दिवे क्षणभर लागतात का, हे पाहावे. कूलंटचा दिवा मुळीच लागत नसेल, तर तो निरोगीपणाचा पुरावा नसून कोणीतरी बल्ब काढला असण्याचीही शक्यता असते.

निष्कर्ष

आता पापनाशमजवळच्या त्या उदाहरणाकडे परत यावे. टाकीवर लावलेली चिकटपट्टी आठवड्यात दोन बोटे पातळी उतरल्याचे दाखवते. पुठ्ठा कोरडाच राहतो. दाबाच्या चाचणीत मात्र पंपाच्या छिद्रापाशी थेंब जमतो, आणि त्याभोवती जुनी वाळलेली खपली दिसते. द्रव गरम इंजिनावरच वाळून जात होते, म्हणून जमिनीवर डाग पडत नव्हता. कूपनलिकेचे पाणी वारंवार घातल्यामुळे नव्या सेन्सरच्या काड्यांवरही क्षार चढू लागलेले असतात. पंप बदलून, थर्मोस्टॅट परत बसवून, यंत्रणा धुऊन योग्य मिश्रण भरले की दिवा विझतो. इंजिन उघडण्याची आणि त्यासाठी कर्ज काढण्याची आवश्यकता उरत नाही. रुग्णालयाची फेरी पूर्ववत सुरू होते.

लाल दिवा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. त्याची साक्ष प्रत्येक वेळी अचूक असेल असे नाही, पण ती ऐकून न घेता त्याला गप्प करणे महागात पडते. मेट्टूरचे पाणी येण्यापूर्वी दरवर्षी पाटांतील गाळ काढणाऱ्या प्रदेशाला हे वेगळे सांगावयास नको. पाणी येईल तेव्हा वाट मोकळी असावी, एवढीच काळजी आधी घ्यावयाची असते.